योगराजने बंद केलेले शब्द

गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या एका गल्लीत फायबरचं इंटरनेट सगळ्यात आधी आलं ते योगराज पटलेच्या घरी. योगराज गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये बारदान्याच्या, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या, गोदामावर कामाला होता. सकाळी शेताकडे चक्कर मारायची, धानाच्या वाफ्यांतलं, म्हणजे बांध्यांतलं, पाणी बघायचं आणि मग मोटारसायकलवर मिल गाठायची, असा त्याचा दिवस. शिक्षण बारावीपर्यंतच, पण यंत्रात डोकं चालायचं. कोणाचा पंप बिघडला, कोणाचा टीव्ही दिसेनासा झाला, की लोक आधी त्याला हाक मारत. राउटर बसवायला आलेला माणूस तारा जोडून निघून गेला. पुढचं सगळं योगराजने स्वतः शिकून घेतलं. पासवर्ड बदलला, राउटरचं ॲप आपल्या फोनात घेतलं आणि घरातल्या फोनांना त्यात नावं दिली. एक फोन त्याचा, एक मुलीचा, दुर्गेश्वरीचा. बायकोकडे, मंजूकडे, तेव्हा साधा बटणांचा फोन होता, आणि त्याची आई सुशीलाबाई फोनला हात लावत नसे.

पुढे दुर्गेश्वरी बारावी सायन्सला गेली. क्लाससाठी तिला नवा फोन घेतला आणि जुना मंजूकडे आला. त्यात सिम कार्ड नव्हतं. घरच्या वायफायवर मंजू दुपारी भजनं ऐकायची, लोणच्याचे व्हिडिओ पाहायची. ॲपमध्ये मात्र त्या जुन्या फोनचं नाव 'दुर्गेश्वरी' असंच राहून गेलं. नवा फोन भलत्याच इंग्रजी नावाने जोडला गेला होता आणि योगराजच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मिलमध्ये चहाच्या वेळी गोदामात माणसं जमत. फोनवर कोणाशी तरी बोलता बोलता घर सोडून गेलेल्या एका मुलीची गोष्ट एकदा तिथे निघाली. सगळ्यांनी मान हलवली, जमाना खराब आला म्हणाले. थोड्याच वेळात त्यांच्यातल्याच एकाने आपल्या फोनवर काहीतरी लावलं आणि तीच माणसं त्या फोनवर वाकली. योगराजही वाकला. तो पहिल्यांदा वाकला होता असंही नाही. पण त्या दिवशी घरी परतताना त्याच्या मनात आलं की हे आपण पाहतो, तर आपली पोरगीही पाहू शकते. तो घाबरला.

पुढच्या सुट्टीला तो राउटरचं ॲप उघडून बसला. अश्लील साइट आपोआप रोखायची सोय त्यात होती. ती त्याने सगळ्यात कडक ठेवली. त्याखाली आणखी एक रकाना होता. त्यात आपण शब्द लिहायचा, म्हणजे ज्या साइटच्या पत्त्यात तो शब्द असेल ती घरात उघडणार नाही. योगराजने दार लोटून घेतलं आणि एकेक शब्द इंग्रजीत लिहू लागला. स्पेलिंग येत नव्हतं तिथे शोधून काढलं. बाईच्या अंगासाठी जेवढे म्हणून शब्द त्याला सुचले तेवढे त्याने लिहिले. मंजू चहा घेऊन आली तेव्हा त्याने फोन मांडीवर पालथा घातला.

शेवटी ॲपने विचारलं की हे नियम कोणत्या फोनांना लावायचे. त्याने सगळ्यांवर खूण केली आणि स्वतःचा फोन तेवढा सोडला.

ही गोष्ट गल्लीत पसरायला वेळ लागला नाही, कारण ती त्यानेच पसरवली. शेजारच्या मनिरामने आपल्याही घरी तसंच करून मागितलं. योगराजने तेच शब्द तिथेही घातले. मनिरामची बायको निर्मलाबाई हिने त्याला पोहे दिले आणि असा बाप पाहिजे म्हणाली. ते ऐकून योगराजला फार बरं वाटलं.

दिवाळीच्या सुमारास, धान कापणीला आलेलं असताना, मंजूला आंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ लागली. दुखत नव्हती. तिने दुर्लक्ष केलं. कापणी झाली, मळणी झाली. गाठ तिथेच होती आणि आता बोटाला जास्तच लागत होती. सांगावं कोणाला, हा प्रश्न होता. सासूशी असल्या गोष्टी तिने कधी बोलल्या नव्हत्या. मुलगी अभ्यासात. नवऱ्याला सांगायचं तर त्या जागेचं नाव घ्यावं लागणार, आणि लग्नाला इतकी वर्षं झाली तरी उजेडात त्याच्यासमोर तिने ते नाव घेतलं नव्हतं.

एका रविवारी मिल चालू होती म्हणून योगराज कामावर होता, दुर्गेश्वरी खोलीत फोनवर क्लास ऐकत होती. मंजू जुना फोन घेऊन परसात गेली. तिला टाइप करणं जमत नसे. ती फोनशी बोलायची. इकडेतिकडे पाहून तिने हळूच विचारलं, छातीत गाठ झाली तर का करावं. उत्तरांची रांग आली. त्यातल्या डॉक्टर बाईचा फोटो असलेल्या उत्तरावर तिने बोट ठेवलं आणि समोर लाल पान उघडलं. ही साइट अश्लील असल्यामुळे बंद केली आहे, असं त्यावर लिहिलं होतं. मंजूने घाईघाईने फोन बंद केला. तिला वाटलं, आपण काहीतरी घाण मागितली.

त्याच वेळी गोदामात योगराजच्या फोनवर सूचना आली. कोणती साइट ते त्यात येत नसे. फक्त फोनचं नाव आणि 'बंदी असलेली साइट उघडण्याचा प्रयत्न', एवढंच. नाव होतं दुर्गेश्वरी.

संध्याकाळी त्याने मुलीला समोरच्या खोलीत बोलावलं. सुशीलाबाई तिथेच लाखोळीची डाळ निवडत होती. मंजू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आज दुपारी फोनवर का पाहून राहिली होती तू?" योगराजने विचारलं.

क्लास ऐकत होते, असं तिने सांगितलं. क्लासशिवाय दुसरं काय, असं त्याने पुन्हा विचारलं. ती गोंधळली. मग तो आईसमोर, बायकोसमोर स्पष्टच बोलला की तू गंदी साइट उघडत होतीस, माझ्याकडे खबर आली आहे, खोटं बोलू नको. दुर्गेश्वरी खोलीत गेली. तिने आपला फोन आणून त्याच्या हातात दिला, पाहून घ्या म्हणाली. त्याने पाहिला. काहीच सापडलं नाही. त्यावरून त्याने ठरवलं की तिने पुसून टाकलं.

"बाबूजी, मी नाई पाहलं," ती म्हणाली. "कोनाचीबी शपथ घेतो मी."

"मशीन कायले खोटं बोलन?" योगराज म्हणाला.

सुशीलाबाईने सूप बाजूला ठेवलं आणि बारावी झाली की पोरीसाठी स्थळ पाहायला लागा, असं सुचवलं. दारात उभ्या मंजूला आता कळलं होतं की खबर कोणाची गेली. एक वाक्य बोलली असती तर पोरगी सुटली असती. पण पुढचा प्रश्न तिला येणार होता, तू काय पाहत होतीस, आणि त्याचं उत्तर सासूसमोर द्यावं लागणार होतं. ती चुलीकडे वळली आणि शिजलेल्या भाताचं पातेलं उगाचच पुन्हा ढवळत राहिली.

योगराजने दुर्गेश्वरीचा फोन बंद करून आपल्या कपाटात ठेवला. क्लास सुटला. ती मैत्रिणीकडून, अंजूकडून, नोट्स आणून अभ्यास करू लागली. बापाशी बोलणं तिने टाकलं नाही, पण कमी केलं. जेवायला वाढायची आणि स्वतः नंतर जेवायची. मंजूशी मात्र ती नेहमीसारखीच वागत होती, आणि तेच मंजूला सोसवत नव्हतं. पोरीच्या केसांना तेल लावताना तिचे हात थांबत. दोनदा तिने तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भाजीचं काहीतरी विचारून गप्प बसली.

गोष्ट घरात राहिली असती तरी एक वेळ चाललं असतं. योगराजने तीही बाहेर नेली. मनिरामच्या घरी राउटर पुन्हा जुळवून देताना, आपली सोय किती कामाची आहे हे सांगण्याच्या भरात त्याने स्वतःच्या घरचं उदाहरण दिलं. नाव घेतलं नाही, पण घरात मुलगी एकच होती. आठवडाभरात गल्लीतल्या बायका दुर्गेश्वरीकडे वेगळ्या नजरेने पाहू लागल्या. हातपंपावर एकीने तिला फोन कुठे गेला म्हणून हसत विचारलं. दुर्गेश्वरी भरलेली घागर घेऊन घरी आली आणि त्यानंतर हातपंपावर गेली नाही.

संक्रांत होऊन गेली. मंजूची गाठ आता हाताला न शोधता लागायची आणि वरची कातडी आत ओढल्यासारखी दिसू लागली होती. ती घाबरली. एका दुपारी, सासू शेजारी गेलेली पाहून, तिने पुन्हा परसात जाऊन फोनला विचारलं. या वेळी तिने जरा वेगळे शब्द वापरले. पुन्हा लाल पान आलं.

गोदामात योगराजचा फोन वाजला. दुर्गेश्वरी, बंदी असलेली साइट. त्याने ते दोनदा वाचलं. दुर्गेश्वरीचा फोन कपाटात होता, बंद, आणि कपाटाची किल्ली त्याच्या खिशात होती. मुलगी या वेळी कॉलेजात. मग घरात कोण होतं, हा विचार त्याला आला आणि तिचा जुना फोन मंजूकडे आहे हे आठवलं. मुकादमाला तब्येतीचं कारण सांगून तो निघाला. रस्ताभर त्याच्या मनात बायकोबद्दल जे जे आलं, ते त्याने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही.

मंजू परसातल्या दगडावर बसली होती. फोन अजून तिच्या हातात होता. त्याला पाहून ती उभी राहिली आणि फोन पदराआड धरला. त्याने तो ओढून घेतला. लाल पान होतं. त्याने ते मागे सरकवलं. मंजूने जे बोलून विचारलं होतं ते वरच्या चौकटीत जसंच्या तसं उमटलं होतं. छातीतली गाठ मोठी होऊन राहिली, दुखत नाई, कॅन्सर असते का.

योगराजने वाचलं. मग खालचं उत्तर पाहिलं, त्या साइटचा पत्ता पाहिला. त्या पत्त्यात त्याने स्वतः लिहिलेला शब्द होता. स्पेलिंग शोधून काढलेला.

"कवापासून?" त्याने विचारलं.

"दिवाळीपासून."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

मंजू जमिनीकडे पाहत होती. "कोनाले सांगू? मशीनले विचारलं त मशीन म्हने हे घाण आहे. मले वाटलं, असन." थोडं थांबून ती म्हणाली, "पोरगी नव्हती जी त्या दिवशी. मीच होती."

योगराज त्याच दगडावर बसला. मघाशी मोटारसायकलवर त्याने काय काय ठरवलं होतं ते त्याला आठवलं आणि बायकोकडे मान वर करून पाहणं जमेना. मंजूनेच त्याला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला गोंदियातल्या एका लेडी डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर बाईंनी तपासलं आणि सुईची तपासणी करायला सांगितली. मग मंजूकडे पाहून शांतपणे विचारलं, "इतने दिन रुके क्यों?"

योगराज भिंतीला टेकून उभा होता. आता मंजू सांगेल असं त्याला वाटलं, आणि तिने सांगावं असंही वाटलं. पण मंजू म्हणाली की कापनी होती, मंग मळनी होती, टाइमच भेटला नाई. डॉक्टर बाईंनी मान हलवली. असं कारण त्या रोज ऐकत असाव्यात. गाठ हाताला लागली तेव्हाच आले असते तर काम सोपं झालं असतं, एवढं बोलून त्यांनी नागपूरच्या दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहिली. योगराजला वाटलं, आपल्याला कोणी चारचौघांत मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मंजूने मुलीला खोलीत बोलावून दार लावलं आणि सगळं सांगितलं. गाठीचं सांगणं तिला सोपं गेलं. अवघड होतं ते दुसरं. "मी दारात उभी होती," ती म्हणाली. "तुजे बाबूजी बोलत होते अन मी आयकून राहिली होती. मले बोलता आलं असतं."

दुर्गेश्वरी तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, "दाखव मले." तिने आईच्या पदराखाली हात घालून गाठ चाचपली आणि हात तिथेच ठेवून रडू लागली. आईवरच्या रागाने की भीतीने, ते तिलाही त्या वेळी सांगता आलं नसतं.

सुशीलाबाईला कळलं तेव्हा ती निवडत बसलेली भाजी तशीच सोडून उठली. माझ्या धाकट्या बहिणीलाही असंच झालं होतं, असं ती म्हणाली. घरात सगळे ताप म्हणत राहिले आणि ती गेली. एवढ्या वर्षांत योगराजने ही गोष्ट आईच्या तोंडून ऐकली नव्हती. दुर्गेश्वरीच्या लग्नाचा विषय त्यानंतर तिने काढला नाही.

योगराजने कपाट उघडून मुलीचा फोन तिच्या टेबलावर ठेवला. काही बोलायचं म्हणून तो उभा राहिला. दुर्गेश्वरी पुस्तकातून मान न काढता म्हणाली, "तुमच्या फोनवर होती का बंदी?"

त्याने टेबलावरचा फोन उगाचच सरळ केला. तिने पुन्हा विचारलं नाही. उत्तर तिला मिळालं होतं.

नागपूरला जायच्या आधी तो मनिरामकडे गेला. घरातले शब्द त्याने काढून टाकले होते, तिथलेही काढायचे होते. तो मनिरामच्या फोनवर ते शब्द पुसत असताना निर्मलाबाईने सहज विचारलं की चांगलं चालू होतं, मग कायले काढता. काही साइट चुकून बंद होतात, असं तो म्हणाला. मुलीचं नाव निघालं नाही आणि त्याने काढलं नाही. चहा पिऊन तो अंगणाच्या फाटकापर्यंत आला. फाटकाची कडी हातात धरून तो थांबला. समोरून दुर्गेश्वरी सायकलने कॉलेजातून येत होती. मनिरामच्या घरासमोर आल्यावर तिने सायकलचा वेग वाढवला आणि मान खाली घालून निघून गेली. बापाला तिने पाहिलंच नाही.

योगराज परत आत गेला. मनिराम खाटेवर होता, निर्मलाबाई कप उचलत होती.

"मी तुमाले खोटं सांगतलं होतं," तो म्हणाला. "पोरीनं काई पाहलं नव्हतं. तिची आई पाहत होती. तिच्या स्तनात गाठ आहे, त्याचं औषध पाहत होती. मी तो शब्द बंद केला होता. नागपूरले ऑपरेशन आहे."

मनिराम फोनकडे पाहू लागला. निर्मलाबाईने कप खाली ठेवले.

"मंग पोरीले कायले बदनाम केलं तुमी?" तिने विचारलं.

तिने त्याला जा म्हटलं नाही की बसा म्हटलं नाही. योगराज निघाला. त्या संध्याकाळी निर्मलाबाई मंजूला भेटायला आली. जाताना दुर्गेश्वरीच्या खोलीत डोकावून तिने अभ्यास कसा चालला आहे ते विचारलं. हातपंपावर पुन्हा कोणी काही बोललं नाही. पण जे बोलून झालं होतं ते माघारी गेलं असंही नाही.

ऑपरेशन झालं. डावा स्तन काढावा लागला. नंतर बरेच महिने औषधासाठी नागपूरच्या खेपा झाल्या. मंजूचे केस गेले, अन्नाची चव गेली, धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत ती खाटेवर पडून खिडकीतून बांध्यांतल्या बायकांचे आवाज ऐकायची. योगराज प्रत्येक खेपेला स्वतः जायचा. ड्रेसिंग कसं करायचं ते त्याने नर्सकडून शिकून घेतलं आणि घरी तोच करू लागला. पहिल्या वेळी मंजूने तोंड भिंतीकडे फिरवलं. पुढे पुढे ती ड्रेसिंग चालू असताना त्याच्याशी धानाच्या रोगाबद्दल, गाईबद्दल बोलू लागली. मिलमध्ये तो चहाच्या वेळी गोदामाबाहेर बसायचा. त्याला कोणी विचारलं तर घरी फोन करायचा आहे असं सांगायचा, आणि खरंच करायचा.

आजार आता आटोक्यात आहे, असं डॉक्टर सांगतात. तपासणीला जावं लागतं. मंजूने गल्लीतल्या बायकांना स्वतःहून सांगितलं की हात लावून पाहत जा. काही हसल्या, काहींनी विषय बदलला, आणि एकदोघी दुपारच्या वेळी एकट्या येऊन तिला विचारून गेल्या.

दुर्गेश्वरी बारावी पास झाली. क्लास सुटलेला होता. तिला हवे होते तेवढे मार्क पडले नाहीत. भंडाऱ्याला डी.फार्म.ला जागा मिळाली आणि तिथेच होस्टेलवर राहायचं ठरलं. योगराज तिला गोंदियाच्या बस स्टँडवर सोडायला गेला. बॅगा चढवून झाल्या, बस सुटायला अवकाश होता. तो खिडकीखाली येऊन उभा राहिला.

"माजं चुकलं, बेटा," तो म्हणाला. "मी पहिले विचारलं पाहिजे होतं."

"तुमी विचारलं होतं, बाबूजी," दुर्गेश्वरी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मी सांगतलं बी होतं. तुमी मशीनचं आयकलं."

तो होय म्हणाला. तिने आईच्या औषधांच्या वेळा त्याला पुन्हा एकदा सांगितल्या, आणि पोहोचल्यावर फोन करीन म्हणाली. कोणाला करणार ते तिने सांगितलं नाही. बस निघाली. योगराज मिलकडे न जाता आधी घरी गेला, कारण मंजूच्या दुपारच्या गोळीची वेळ झाली होती. फोन संध्याकाळी आला, मंजूच्या फोनवर. बोलणं झाल्यावर मंजूने फोन त्याच्यापुढे धरला, आणि दुर्गेश्वरीने त्याला जेवले का म्हणून विचारलं.